टेकडी चालते ती अशी

बाबा, माणसं जेवायला बसलेली असताना परातीत रवा ओतून वाळवंट मांडणारा बाप दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला असेल असं मला वाटत नाही. वर्षातून एकदा, फार तर दोनदा तुम्ही घरी यायचात. पहिला दिवस झोपून काढायचात, दुसऱ्या दिवशी आईने केलेलं सगळं "तिकडे असलं काही मिळत नाही" म्हणत मागून मागून खायचात, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे वळून विचारायचात, "वालुकागिरी कसा तयार होतो, सांग पाहू." शाळा कशी चालली आहे, मैत्रीण कोण, गुडघ्याला काय लागलंय, यातलं काही नाही. वालुकागिरी. मी पाठ केलेलं सांगायची, की वारा वाळू उडवून आणतो आणि एका जागी टाकतो. त्यावर तुमचा चेहरा असा व्हायचा, जसा काही मी तुमचा अपमान केलाय. "टाकतो? वारा म्हणजे काय टेम्पो आहे? अमुक जागीच का टाकतो? टाकायला काही कारण नको?"

मग परात यायची. "मैदा नको, मैद्याची नुसती धूळ होते. रवा आण. जाडा आण." आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "अहो, तो उद्याच्या उपम्याचा आहे." तुम्ही म्हणायचात, "उपमा होईलच की. रवा कुठे जातोय?" रवा कुठे जातो ते नंतर केरसुणी घेऊन आम्ही दोघी बघायचो. ओट्याखाली, बरण्यांच्या झाकणांत, तुमच्याच चष्म्याच्या घरात. पण तोवर तुम्ही परातीत रवा सपाट पसरून मधोमध एक लिंबू ठेवलेलं असायचं. अजूनही मला ते दिसतं. तुम्ही पाटावर बसला आहात, मान वाकडी करून परातीच्या काठाशी डोळा लावलाय, वर्तमानपत्राची सुरळी तोंडाशी धरून गाल फुगवून फुंकता आहात. एका दमात नाही, एकसारखं, हळू. "बघ, कण तरंगत नाहीत, उड्या मारतात. एक खाली पडतो तो दुसऱ्या दोघाचौघांना उडवतो. आता लिंबाच्या मागे बघ. तिथे वारा कमी, म्हणून कण बसला. तो बसला की पुढच्याला त्याचा आडोसा." लिंबामागे रव्याचं एक निमुळतं शेपूट तयार होतं. तुम्ही दोन बोटांनी लिंबू उचलून घेता आणि ढीग तसाच राहतो. "आता लिंबाची गरज नाही. ढीगच स्वतःचा आडोसा झाला. वारा या अंगाने कण वर चढवतो, हा उतार लांब आणि निवांत. माथ्यावरून पलीकडे पडलेला कण घसरत खाली जातो, तो उतार उभा. या अंगाची वाळू सारखी त्या अंगाला चालली. म्हणजे काय झालं?"

"टेकडी चालली," मी म्हणायची.

"शाबास."

एवढी एक शाबासकी. बाकी कशाबद्दल तुम्ही मला शाबास म्हटल्याचं आठवत नाही. स्कॉलरशिप मिळाली तेव्हा तुम्ही तिकडे होतात.

तिकडे म्हणजे राजस्थानात. पुण्यात वनखात्यात तुमचं बरं चाललं होतं. आपल्याच डोंगरांवर झाडं लावायची, संध्याकाळी घरी यायचं. वाळूच्या टेकड्या झाडं लावून जागच्या जागी थांबवायच्या अशी सरकारची काही योजना निघाली आणि तुम्ही दोन वर्षांसाठी म्हणून त्या कामावर गेलात. दोन वर्षांची मुदत दर वेळी कशी वाढत गेली ते तुम्हीच जाणे. माझी शाळा संपली, कॉलेजही संपत आलं. शाळेत एकदा बाईंनी वडील काय करतात म्हणून विचारलं. मी म्हटलं, "वाळू अडवतात." बाई म्हणाल्या, "नदीतली का?" वर्ग आठवडाभर हसत होता. त्या दिवसांत कोथरूडला आपल्या सोसायटीपुढे ज्वारीचं शेत होतं, बस मिळाली तर मिळाली. आई एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. सकाळी पाणी भरायचं, दोन बसा बदलून कामावर जायचं, परत येऊन सोसायटीच्या पंपावरून सेक्रेटरीशी भांडायचं, माझे क्लास, आजोबांचं आजारपण, सगळं तिच्याकडे. शेजारच्या काकू विचारायच्या, "कधी येणार म्हणाले?" आई म्हणायची, "वाळू थांबली की." काकूंना वाटायचं ती विनोद करते आहे.

आणि मग मी शेवटच्या वर्षाला असताना आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गर्भाशय काढावं लागेल, काढून तपासायला पाठवू, मग बघू. "मग बघू" म्हणजे काय ते त्या काळी कुणी मोठ्याने बोलत नसे. तुम्हाला तार केली. तुमची उलट तार आली, ती मी स्वतःच्या हाताने घेतली, म्हणून ती होती असं म्हणते. नाही तर माझाही विश्वास बसला नसता. ऑपरेशनची तारीख पुढे जाईल का, असं तुम्ही विचारलं होतंत. मी तो कागद आईपुढे आपटला. आई वाचून चक्क हसली. म्हणाली, "तू जा. मामाला बरोबर घे आणि जाऊन घेऊन ये त्यांना. आणि घाई करू नकोस, चार दिवस राहिलीस तरी चालेल." आजारी बाई घाई करू नकोस म्हणते, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. पण मी एवढी तापले होते, की पिशवी भरायला लागले.

मामा जोधपूरला पोचेपर्यंत पोट बिघडून आडवे झाले आणि गेस्ट हाउसात राहिले. तुमच्या ऑफिसची जीप मला घेऊन पुढे निघाली. वाटेत एका वळणावर ड्रायव्हरने जीप थांबवली, खाली उतरून रस्त्यावर आलेली वाळू फावड्याने बाजूला केली, परत बसला, पुढे गेला. असं तीनचारदा. मला हसू येईना. तुम्ही गावाच्या टोकाला उभे होतात, पॅन्टचे पाय मोज्यांत खोचलेले, चेहरा भाजून काळा झालेला. मला बघून तुम्हाला इतका आनंद झाला की मी क्षणभर कशासाठी आले तेच विसरले.

"बाबा, आईचं ऑपरेशन—"

"हो, हो. आधी वर चल. ऊन चढलं की वर जाता येणार नाही."

मी गेले. का गेले माहीत नाही. गावामागे ती टेकडी होती. आपल्या पर्वतीएवढी नसेल, पण पर्वती जागेवर असते. लांब उतारावरून आपण चढत होतो आणि वाऱ्याबरोबर वाळू माझ्या घोट्यांवर सपासप बसत होती. तुम्ही ओरडून सांगत होतात, "बघ, गुडघ्याच्या वर येत नाही! वर येते ती धूळ. वाळू जमिनीलगत चालते." मी साडी सावरत मनात म्हणत होते, हा माणूस वेडा आहे. माथ्यावर पोचलो आणि पलीकडे पाहिलं तर जमीन एकदम खाली. तुम्ही कडेवर पाय ठेवलात तशी वाळूची एक जिभली सुटली आणि पार तळापर्यंत घसरत गेली. तळाशी एक घर होतं. घर म्हणजे छपराचा वरचा भाग. त्याच्यापुढे दुसरं घर, त्याच्या भिंतीला वाळू लागलेली, आणि दारात एक बाई खराट्याने वाळू लोटत होती. तुम्ही म्हणालात, ते बुडलेलं घर तिचंच. त्याच्या आधीचं टेकडीच्या पोटात आहे, आपण उभे आहोत त्याच्या खाली कुठेतरी. आणि त्या बाईच्या घरापलीकडे, चारपाच घरं सोडून, विहीर. सगळ्या गावाला गोडं पाणी देणारी तेवढी एकच.

मग तुम्ही बसलात आणि माझा हात धरून कोपरापर्यंत वाळूत घातलात. वर चटका, आत गार. ओल होती. "परवा सर पडून गेली. वरची वाळू दोन तासांत सुकते आणि परत उडायला लागते. पण ही ओल आत आहे तोवर रोप लागतं. आता नाही लावलं तर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीपर्यंत ही टेकडी विहिरीवर गेलेली असेल." उतारावर तुमच्या माणसांनी काटक्या-झुडपांची कुंपणं रोवली होती, गुडघाभर उंचीची, वाऱ्याला आडवी, ओळीमागून ओळ. त्यांच्या मधे पिशव्यांतली रोपं मांडून ठेवली होती. मला कुंपणं किती फट ठेवून रोवायची तेही सांगायला लागलात. पक्की भिंत घातली तर वारा खवळतो आणि भिंतीचीच मुळं उकरतो, थोडा वारा आरपार जाऊ द्यावा लागतो म्हणजे तो मंदावतो आणि वाळू ठेवून जातो...

तिथे माझा बांध फुटला. मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यावर ओरडले. "तिला कॅन्सर असू शकतो! तुम्हाला कळतंय का? तुम्ही मला कुंपणातल्या फटी काय सांगताय?"

तुम्ही हात झटकलेत. विहिरीच्या दिशेने बघत म्हणालात, "लावणी झाली की येतो."

"कधी?"

"झाली की."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. तुम्ही जीपपर्यंत आलात, खिडकीतून माझ्या हातात सुकवलेल्या बोरांची पुडी दिलीत. ती मी जोधपूरला स्टेशनवर कचऱ्यात टाकली.

आईने मला दारात एकटीला पाहिलं आणि तिला आश्चर्य वाटलं ते तुम्ही आला नाहीत याचं नाही, तर मी इतक्या लवकर परतले याचं. ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर मी, मामा आणि शेजारच्या काकू. रिपोर्ट यायला वेळ लागला आणि चांगला आला. ती घरी आल्यावर, टाके काढून झाल्यावर, एका संध्याकाळी तुम्ही ट्रंक घेऊन उगवलात. मी तयारीत होते. आईने तोंड उघडलं की मीही उघडणार होते. तुम्ही खुर्चीत बसलात. आईने उशीवरून मान उचलून विचारलं, "विहीर राहिली का?"

"राहिली."

"मग झालं. चहा घेणार?"

आणि चहा मी केला, बाबा. तो चहा करताना ओट्यापाशी मी जितकी चिडले होते तितकी पुढे कधी कुणावर चिडले नाही, नवऱ्यावरसुद्धा. मला तेव्हा तुमच्यापेक्षा आईचा जास्त राग आला. भांडायचा हक्क असलेलं माणूस भांडत नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करायचं?

पुढे तुम्ही निवृत्त होऊन कायमचे घरी आलात आणि पुण्याला तुमच्या विद्येचा काडीचा उपयोग नाही हे सिद्ध करून दाखवलंत. समोरच्या ज्वारीच्या शेतात इमारत उठत होती, बिल्डरने वाळूचा डोंगर आपल्या फाटकाशी आणून टाकला होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे पत्रे लावून घेऊ म्हणत असताना तुम्ही उभे राहून वाऱ्याच्या दिशेवर व्याख्यान दिलंत. पत्रे नकोत, बांबूचे तट्टे हवेत, फटी ठेवून. सेक्रेटरी म्हणाले, "आपण म्हणता ते शास्त्रशुद्ध असेल, पण आपल्याकडे वारा येतो तो ट्रकच्या मागून." तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत. स्वतः तट्टे आणलेत, स्वतः रोवलेत. मजूर वाळूवर रोज पाणी मारत होते, त्यामुळे ती उडालीच नाही. जी आली ती पावसाच्या लोंढ्याबरोबर तुमच्या फटींतून थेट पार्किंगमध्ये आली. सेक्रेटरींनी फलकावर लिहिलं, "सभासदांनी आपापले वालुकागिरी आपापल्या जबाबदारीवर हलवावेत." तुम्ही तो वाचून खूश झालात. म्हणालात, "शब्द बरोबर लिहिलाय." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग तुम्ही एका दुपारी जेवून झोपलात आणि उठला नाहीत. डॉक्टर नाही, ॲम्ब्युलन्स नाही, काही नाही. आपल्यातलं बोलायचं होतं ते तसंच राहिलं. मला त्या दिवशी रडूही नीट आलं नाही, कारण हेही तुम्ही कुणाला न सांगता, आपल्या सोयीने केलंत असं वाटत राहिलं.

आता मुद्द्याचं. हे सगळं मी लिहायला बसले ते त्या मुद्द्यासाठी, आणि त्याला खूप वर्षं उशीर झाला आहे. तुमच्यामागे आई बरीच वर्षं माझ्याकडे होती, कर्वेनगरला. शेवटच्या दिवसांत एकदा वाटाणे सोलताना माझ्या तोंडून गेलं, की एका विहिरीसाठी त्यांनी तुला सोडलं. आई म्हणाली, "कोणती विहीर? ती बुजली की. दोनच वर्षांत. माणसांनी कुंपण मोडून जळणाला नेलं, शेळ्यांनी रोपं खाल्ली. गाव उठून दुसरीकडे गेलं. मला तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी." माझ्या हातातला वाटाणा हातातच राहिला. मग कशासाठी? मी विचारलं, मग कशासाठी राहिले ते तिकडे?

आई म्हणाली, "घाबरून, गं. लहान असताना त्यांना वॉर्डाबाहेर बाकावर बसवून त्यांच्या आईला आत नेलं होतं. संध्याकाळपर्यंत बसले. मग कुणीतरी येऊन घरी चल म्हणालं. आई काही परत आली नाही. त्यानंतर ते कधी हॉस्पिटलची पायरी चढले का? तुझ्या वेळीसुद्धा फाटकाबाहेर उभे होते. मला माहीत होतं ते येणार नाहीत."

"मग मला कशाला पाठवलंस आणायला?"

"आणायला कुठे? रिपोर्ट येईपर्यंत त्यांच्याजवळ आपलं कुणीतरी असावं म्हणून पाठवलं. तर तू दुसऱ्या दिवशी परत." तिने सालं गोळा केली. "ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून अंधार पडेपर्यंत एकटे रोपं लावत बसले होते. ती सगळी ओळ वाळली म्हणे. पाणी घालायचंच विसरले."

बाबा, तुम्हा दोघांना समोरासमोर बसवून विचारायला हवं होतं, की हे घर चालवायची ही कोणती पद्धत? तुम्ही मला टेकडीचा लांब उतार सांगितलात, उभा उतार सांगितलात, कण किती उंच उडी मारतो ते सांगितलंत. "मला भीती वाटते" हे तीन शब्द सांगायला काय झालं होतं? त्या माथ्यावर मी ओरडले तेव्हा एकदा म्हणाला असतात तर मी राहिले असते. चार दिवस नाही, महिनाभर राहिले असते. तुमच्याबरोबर खड्डे खणले असते, निदान पाणी तरी घातलं असतं. आणि आई! तिने बरोबर देऊन पाठवलेलं काम काय आहे ते मलाच सांगितलं नाही, आणि मी ते नीट केलं नाही म्हणून इतकी वर्षं मनात ठेवलं. मी मात्र तुमच्यावर रागावून बसले, चुकीच्या गोष्टीसाठी. एवढा राग मी दुसऱ्या कशाला वापरला असता.

हे लिहून काही होणार नाही हे मला कळतं. पाकिटावर घालायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही उत्तरात शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्यात. पण लिहायला आजचाच दिवस का निवडला, ते सांगून टाकते. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. हल्ली करतात तेवढं साधं ऑपरेशन, सकाळी जायचं, दुपारी घरी. माझी मुलगी सुट्टी टाकून आली आहे. पहिल्यांदा तारीख ठरली तेव्हा मी सर्दी झाल्याचं सांगितलं. दुसऱ्यांदा, घरात रंगकाम काढलं. आज सकाळी ती गाडीची किल्ली हातात घेऊन उभी राहिली, तेव्हा मी म्हटलं, एक महत्त्वाचं पत्र लिहायचंय, तेवढं झालं की निघू. ती बाहेरच्या खोलीत बसली आहे. मधून मधून दारात येऊन विचारते, "आई, झालं का?" मी म्हणते, "झालं की येते."

झालेलं आहे मघाशीच.